जातीवरचा शिक्का आणि त्यातले 'थोडेसे खरे'



आपल्या वस्तीत, विहारात, लग्नाच्या बैठकीत एक वाक्य वारंवार कानी पडते. कुणीतरी एखाद्या जातीविषयी म्हणतो, 'ते लोक तसलेच.' दुसरा हरकत घेतो. मग तिसरा मिटवामिटव केल्यासारखा बोलतो, 'अहो, सगळे खरे नसेल, पण थोडे तरी खरे असतेच. विस्तवाशिवाय धूर निघत नाही.' हा तिसरा माणूस आपल्याला समंजस वाटतो. माझ्या मते मात्र खरे नुकसान तोच करतो. शिवीला उत्तर देता येते. 'थोडेसे खरे' या बोलण्याला काय उत्तर द्यावे हे पुष्कळांना सुचत नाही आणि ते गप्प बसतात. म्हणून या पाठात आपण त्या थोड्याशा खऱ्याचीच तपासणी करू.

प्रथम शब्द पाहू. इंग्रजीत ज्याला 'स्टिरिओटाइप' म्हणतात तो शब्द छापखान्यातला आहे. खिळे जुळवून पान तयार झाले की त्याचा साचा घेत आणि त्यात धातू ओतून एक अखंड पत्रा काढीत. मग त्यातले एक अक्षरही हलवता येत नसे, पण त्यावरून हजारो प्रती निघत. वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराने १९२२ साली आपल्या ग्रंथात हा शब्द माणसांच्या डोक्यातील चित्रांना लावला. आपण त्याला शिक्का म्हणू. शिक्का म्हणजे एका समूहातील सर्व माणसांविषयीची एकच ठरलेली समजूत. पूर्वग्रह ही त्याच्या पुढची पायरी. तिथे समजुतीच्या आधारावर माणूस पाहण्यापूर्वीच निकाल दिला जातो आणि मनात आकस धरला जातो. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली या दोहोंतली खूण फार सोप्या रीतीने सांगितली आहे. नवी माहिती समोर आल्यावर जी समजूत बदलते ती नुसती चूक होय. माहिती आली तरी जी हलत नाही तिला पूर्वग्रह म्हणावे. ही खूण वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा पुन्हा लागणार आहे.

आता उदाहरण. दुसऱ्यांवरचे शिक्के नंतर पाहू, आधी आपल्यावरचा घेऊ. 'हे मेलेली जनावरे ओढतात, मेलेल्याचे मांस खातात, म्हणून घाणेरडे,' असे गाव म्हणत असे. यात खोटे काय होते? आपल्या पणज्या-आज्यांना विचारले असते तर त्यांनी नाही म्हटले नसते. ओढत होतो, खातही होतो. उन्हात वाळवलेल्या चान्यांवर दुष्काळात घरे जगली आहेत. तेव्हा इथे थोडेसे नव्हे, चांगले शेरभर खरे होते, हे मान्य करूनच पुढे जाऊ.

परंतु हे खरे तयार कुणी केले? महारकी हे वतन होते. गावचा सांगावा पोचवणे, मयताची बातमी परगावी नेणे, वेशीवर पहारा, पाटलाच्या वाड्यावर लाकूड फोडणे, सरकारी माणसाचे ओझे वाहणे आणि मेलेले जनावर ओढणे ही सगळी कामे त्यात बांधलेली. मोबदला म्हणजे बलुते, दारोदार मागितलेली भाकरी आणि तुकडाभर जमीन. 'हाडकी', 'हाडोळा' ही त्या जमिनींची नावेच बोलकी आहेत. काम नाकारले तर गाव बलुते बंद करी, दळण बंद करी, वाट बंद करी. म्हणजे ज्यांनी हे काम गळ्यात बांधले तेच पुढे येऊन सांगत होते, 'पाहा, यांच्या गळ्यात काय आहे ते!' १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मृतमांस सोडायला सांगितले. १९२८ साली त्यांनी वतन कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात आणले. गावोगाव आपल्या माणसांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले. तेव्हा गावाला आनंद व्हायला हवा होता की नाही? घाण काम सोडून हे लोक स्वच्छ होत आहेत म्हणून त्यांचे स्वागत व्हायला हवे होते. प्रत्यक्षात मारहाण झाली, बहिष्कार पडले.

दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी याच संदर्भातला एक प्रसंग सांगितला आहे. मेलेल्या जनावराचे कातडे, शिंगे, हाडे यांपासून अस्पृश्यांना वर्षाला किती रुपये मिळतात याचा हिशेब एका वृत्तपत्रातून मांडला जात होता आणि हे पुढारी आपल्याच लोकांचे नुकसान करीत आहेत असा कांगावा चालला होता. बाबासाहेबांचे उत्तर सरळ होते. एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या. अर्थात कुणी पुढे आले नाही.

याच ठिकाणी दुसरी गोष्टही पाहण्यासारखी आहे. हाच महार सरकारी वसुलीची रक्कम तालुक्याला पोचवीत असे. दोन गावांत शिवेचा तंटा झाला तर शीव कुठून जाते हे सांगण्यासाठी महारालाच पुढे करीत आणि त्याची साक्ष मानीत. हेही खरेच होते, तेवढेच खरे. मग 'महार म्हणजे प्रामाणिक साक्षीदार' असा शिक्का का नाही पडला? मराठी भाषेत 'गाव तेथे महारवाडा' ही म्हण आहे आणि ती कशा अर्थाने वापरतात हे सर्वांस माहीत आहे. 'शीव तेथे महाराची साक्ष' अशी म्हण मात्र कुणी केली नाही. एका समाजाविषयी शंभर गोष्टी खऱ्या असतात. त्यांतून कोणती उचलायची हे शिक्का मारणारा ठरवतो, आणि ती तो आपल्या सोयीने उचलतो. म्हणून 'थोडे खरे आहे' असे कुणी म्हटले की पहिला प्रश्न विचारावा, 'बाकीचे खरे कुठे ठेवले?'

आता ऑलपोर्टची खूण लावून पाहू. १९५८ च्या कायद्याने वतन गेले. ढोर ओढणे तर त्यापूर्वीच बहुतेकांनी सोडले होते. आज आपल्या घरांत शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, बँकेत काम करणारे आहेत. समजूत त्या कामामुळे असती तर काम सुटल्याबरोबर तीही सुटली असती. पण शहरात खोली पाहायला गेले की अजून आडनाव विचारले जाते आणि मग 'कालच दुसऱ्याला दिली' असे उत्तर मिळते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटेवेल यांनी खाजगी कंपन्यांना पात्रता सारखी पण नावे वेगवेगळी असलेले अर्ज पाठवून पाहिले. २००७ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दलित नावाच्या आणि मुस्लिम नावाच्या अर्जदारांना सवर्ण हिंदू नावाच्या अर्जदारांपेक्षा कमी बोलावणी आली. कागदावरची पदवी तीच, गुण तेच, फरक फक्त नावाचा. खरे संपले, पण निकाल जागच्या जागी राहिला. आपल्याला सरकारदरबारी 'नवबौद्ध' म्हणतात, त्याचेही मला नवल वाटते. दीक्षेला सहा दशके उलटून गेली, नातवंडे-पतवंडे झाली, तरी आपण नवेच! या शब्दाचा उपयोग जुनी जात न उच्चारता कळवण्यासाठी होतो हे न समजण्याइतके आपण भोळे नाही.

शिक्का सत्तेच्या सोयीने कसा बदलतो याचे उत्तम उदाहरण फौजेत सापडते. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर उभारलेल्या स्तंभावर कंपनीकडून पडलेल्या ४९ सैनिकांची नावे आहेत आणि त्यांतील २२ जण नावापुढच्या 'नाक' या शब्दावरून महार म्हणून ओळखले जातात. पुढे सरकारने 'लढवय्या जाती' नावाचा सिद्धांत काढला. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स त्याचे मोठे पुरस्कर्ते. काही जाती जन्मतः शूर, बाकीच्या जन्मतः नालायक. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या बापांनी पदके मिळवली ते पोरगे रातोरात लढण्यास नालायक ठरले! बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी याच फौजेतले. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्जविनंत्या केल्या, त्या वाया गेल्या. मग पहिले महायुद्ध आले, माणसे कमी पडू लागली आणि १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली. युद्ध संपले, १९२१ साली पलटण मोडली. दुसरे महायुद्ध आले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. रक्त तेच, जात तीच. सुमारे पन्नास वर्षांत एकच समाज शूर, नालायक, पुन्हा शूर, पुन्हा नालायक आणि पुन्हा शूर कसा होतो, याचे उत्तर जन्माने गुण ठरतात असे मानणाऱ्यांनी द्यावे.

इथवर वाचून आपली मान ताठ झाली असेल. आता जरा अवघड भागाकडे वळू.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो आधी उत्तर हिंदुस्थानात आला आणि पुढे वाढत वाढत आपल्याकडेही लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटा, मांग-गारुडी अशा कितीतरी जमातींवर 'गुन्हेगार' हा शिक्का कायद्यानेच मारला. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवाना, काहींना कुंपणाच्या वसाहतीत कोंडणे. सोलापुरात त्या जागेला अजूनही 'सेटलमेंट' म्हणतात. ज्याला रोज हजेरी द्यायची त्याला शेतावर कोण ठेवील? काम नाही तर पोट कसे भरावे? आणि जिथे पोलिसांचे छापे रोज पडतात तिथे चोर जास्त सापडणार हे उघड आहे. सावकाराच्या वाड्यावर छापाच पडत नाही, मग तिथली चोरी नोंदवहीत येणार कशी? अशा नोंदवहीवरून आकडे काढायचे आणि म्हणायचे, 'पाहा, थोडे तरी खरे आहेच.' ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला, जमाती विमुक्त झाल्या. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली आले. कायदा जाऊन पस्तीस वर्षे झाल्यावरही शिक्क्याचे काय होते हे त्यात वाचायला मिळते.

आणि आपल्या वस्तीला लागून पारध्यांची पाले पडली तर आपण काय करतो? रात्री कड्या नीट लावतो. शाळेत मी हे रोज पाहतो. वर्गात कंपासपेटी हरवली की सगळ्यांच्या माना एकाच बाकाकडे वळतात. त्यात जयभीमवाल्यांची मुलेही असतात, कारण घरी त्यांनी तेच ऐकलेले असते. मांगांविषयी, चांभारांविषयी आपल्या ओट्यांवर जे बोलले जाते ते कागदावर लिहून काढले, तर गाव आपल्याविषयी बोलत होते त्यात आणि यात फक्त नावाचा फरक दिसेल. इतके दूर कशाला? आपल्याच साडेबारा पोटजाती. दीक्षा घेतली, त्रिशरण घेतले, तरी विदर्भात सोयरीक जुळवताना बावणे, लाडवण, कोसरे ही विचारणा हळू आवाजात होतेच. 'त्यांच्यात मुलीला जाच होतो,' 'ते कंजूष,' 'त्यांचे खाणेपिणे वेगळे' असे म्हणत एखादी चांगली शिकलेली मुलगी नाकारली जाते. आणि आधार काय? कुणाच्या तरी मावशीचा अनुभव!

उलट दिशेचा शिक्काही आपण सोडलेला नाही. 'बामण तेवढे सगळे कपटी' हे वाक्य आपल्याकडे टाळ्या घेते. ब्राह्मणशाहीशी बाबासाहेबांचा लढा होता आणि तो तसाच चालला पाहिजे. परंतु २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते आणि बाबासाहेबांनी त्यांना आपल्या कार्यात बरोबरीने घेतले होते. व्यवस्थेवर टीका करणे आणि त्या व्यवस्थेत जन्मलेल्या प्रत्येक मुलाचा निकाल आधीच लावणे ही दोन वेगळी कामे आहेत.

कुणी म्हणेल, 'गुरुजी, समूहासमूहांत काहीच फरक नसतो असे म्हणायचे आहे काय?' तसे नाही. समजा, सातवीच्या 'अ' तुकडीची गणितातील सरासरी ५२ आहे आणि 'ब' तुकडीची ४८. हा फरक खरा आहे. पण 'ब' मधली एक मुलगी फळ्यापाशी उभी केली, तर तिला गणित येते की नाही हे त्या ४८ वरून सांगता येईल काय? तिच्या तुकडीत ९० वालेही आहेत आणि 'अ' मध्ये १५ वालेही. तिला गणित घालूनच पाहावे लागेल. शिवाय 'ब' ला सहा महिने गणिताचा शिक्षकच नव्हता, ही माहिती त्या सरासरीत कुठे लिहिलेली नसते.

शिक्क्याने सरासरीसुद्धा कशी बनते, हे उत्तर प्रदेशात एका प्रयोगात दिसून आले. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी खेड्यातील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. ३२१ मुले उच्च मानलेल्या जातींची आणि ३२१ खालच्या मानलेल्या जातींची. जात उच्चारली नव्हती तेव्हा दोन्हीकडची मुले सारखीच कोडी सोडवत होती. मग मुलांसमोर प्रत्येकाचे नाव, गाव, बापाचे नाव आणि जात मोठ्याने वाचली गेली. त्यानंतर दलित मुलांची कोडी कमी सुटली. मुले बदलली नव्हती, कोडी बदलली नव्हती. एक शब्द उच्चारला गेला आणि 'ही मुले मठ्ठ असतात' हे वाक्य अर्ध्या तासात थोडेसे खरे झाले! वर्गात उभे करून जात विचारणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग वाचावा.

दुसरा प्रयोग आपल्याला जास्त बोचणारा आहे. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी उत्तरपत्रिकांवर मुलांची जात वाटेल तशी टाकून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. खालची जात लिहिलेल्या पत्रिकांना किंचित कमी गुण पडले. २०१२ साली हे प्रसिद्ध झाले. कमी गुण देण्याचा हा कल उच्च जातींच्या परीक्षकांत आढळला नाही. तो खालच्या मानलेल्या जातींतून आलेल्या परीक्षकांत आढळला. शिक्का ज्याच्यावर मारला जातो त्याच्याही हाती तो येतो आणि मग तोच दुसऱ्याच्या कपाळावर मारतो.

तथागतांनी गृहस्थांसाठी सांगितलेल्या सिगालोवाद सुत्तात माणूस चुकीच्या वाटेने जाण्याची चार कारणे दिली आहेत. ती म्हणजे छंद, द्वेष, मोह आणि भय. आपला तो चांगला वाटतो, परका तो डोळ्यात खुपतो, माहिती नसते आणि भीती वाटते. शिक्का मोहातून जन्मतो, म्हणजे अज्ञानातून. नुसता मोह असेल तर माहितीने तो जातो. पण त्याला द्वेष आणि भय येऊन मिळाले, आपल्या माणसांची ओढ मिळाली, की मग माहिती कितीही द्या, मन ऐकत नाही. पालाजवळून जाताना कडी लावणाऱ्या हाताला भय आहे. सोयरीक मोडणाऱ्या बैठकीत छंद आहे. आपल्या मनात चारांपैकी कोण बसले आहे हे ज्याचे त्याने पाहावे.

तथागतांवरही शिक्का मारला गेला होता. सुत्तनिपातातील वसल सुत्तात ती हकीकत आहे. श्रावस्तीत भिक्षेला गेले असता अग्गिक भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाने त्यांना दुरूनच 'वसल', म्हणजे नीच, म्हणून थांबवले. तथागत रागावले नाहीत, गप्पही बसले नाहीत. त्यांनी विचारले, वसल कशाने होतो हे तुला ठाऊक आहे काय? ब्राह्मणाला सांगता येईना. मग त्यांनी एकेक कृत्य सांगितले. क्रोध धरणारा, चोरी करणारा, खोटी साक्ष देणारा, म्हाताऱ्या आईबापांना न पोसणारा. त्या यादीत एकही जात नाही. कुणी 'ते लोक तसलेच' म्हणाले तर आपणही असेच विचारावे. तसले म्हणजे कसले? कुणी केले? तू पाहिलेस काय?

यावरून आपल्यातील दोषांवर बोलूच नये असा अर्थ कुणी घेऊ नये. वस्तीत दारू आहे, ती आहे म्हणूनच पाचवे शील आहे. महाडला बाबासाहेब आपल्या लोकांना फार कठोर बोलले. पण ते तोंडावर बोलले, कारणासह बोलले आणि तुम्ही हे सोडू शकता असे मानून बोलले. शिक्का मारणारा पाठीमागे बोलतो, आणि समोरचा बदलला तर त्याचीच पंचाईत होते.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी उपाली न्हावी, सुनीत झाडूवाला यांच्या दीक्षेचे प्रकरण घातले आहे, तसेच पतित आणि गुन्हेगार यांच्या दीक्षेचेही वेगळे प्रकरण घातले आहे. अंगुलिमाल त्यातच येतो. त्याच्याबाबतीत तर सगळेच खरे होते, तो खुनी होता. भिक्षू झाल्यानंतर तो श्रावस्तीत भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी त्याला ढेकळे, काठ्या, खापऱ्या मारल्या. फुटलेले पात्र आणि रक्ताळलेले डोके घेऊन तो परत आला. संघाने त्याला बाहेर काढले नाही.

या वर्षावासात प्रत्येक कुटुंबाने एक काम करावे. मुलांना जवळ बसवून विचारावे: तुझ्या वर्गात कोणत्या मुलाच्या डब्यातले कुणी खात नाही? काही हरवले तर पहिले नाव कुणाचे येते? त्याचे कारण काय सांगतात, आणि तुला ते कुणी सांगितले? उत्तर मुलाच्याच शब्दांत वहीत लिहावे, मोठ्यांनी ते सुधारू नये. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात आपले नाव आले तरी खोडू नये. पारध्यांच्या पालावरची तीन मुले रविवारच्या बालवर्गाला बसू देण्याबाबत विहाराच्या बैठकीत विषय आहे. तो निघण्यापूर्वी या वह्या वाचून व्हाव्यात.